ताठर स्नायूंना सैल करताना

पक्षाघाताच्या झटक्यातून वाचलेल्या रुग्णाकडे काही महिन्यांनी पाहिले, तर पुष्कळदा असे दिसते की, त्याचा हात कोपरात वळून छातीशी आला आहे, मूठ घट्ट मिटली आहे आणि पाय मात्र काठीसारखा सरळ व कडक झाला आहे. तो पाय कोणी हळूहळू वाकवू लागले तर वाकतो. झटक्याने वाकवू पाहिले तर अडतो. या अडण्यालाच वैद्यकात स्पॅस्टिसिटी म्हणतात. ऑस्ट्रेलियातील चेतातज्ज्ञ जेम्स लान्स यांनी १९८० साली तिची जी व्याख्या केली तिचा गाभा हाच आहे : स्नायू जितक्या वेगाने ताणावा तितका त्याचा प्रतिकार वाढत जातो. मेंदूकडून मेरुरज्जूकडे येणारे नियंत्रण तुटले की खालची प्रतिक्षिप्त यंत्रणा बेलगाम होते आणि स्नायू विनाकारण आखडलेले राहतात. कारणे अनेक. पक्षाघात, मेरुरज्जूला झालेली इजा, जन्माच्या सुमारास मेंदूला पोहोचलेली हानी, मल्टिपल स्क्लेरोसिस; पूर्व विदर्भातील जुन्या पिढीला ठाऊक असलेला, लाखेच्या डाळीच्या अतिसेवनाने येणारा पांगळेपणाही याच जातीचा.

चेन्नईला, म्हणजे १९९६ पर्यंतच्या मद्रासला, या विकाराच्या भारतीय इतिहासात स्वतंत्र स्थान आहे. तेथील जनरल हॉस्पिटलात डॉ. बी. राममूर्ती यांनी १९५० साली मेंदूच्या शस्त्रक्रियेचा विभाग उभा केला. पुढे १९७०च्या दशकात त्याच परंपरेतील डॉ. व्ही. बालसुब्रमण्यम आणि आशियातील पहिल्या स्त्री-मेंदूशल्यविशारदांपैकी एक असलेल्या डॉ. टी. एस. कनका यांनी सेरेब्रल पाल्सीच्या रुग्णांची ताठरता कमी करण्यासाठी मेंदूच्या खोल भागांवर नेमक्या जागी सूक्ष्म शस्त्रक्रिया केल्या. त्या काळी हाताशी असलेली औषधे थोडी व नवखी होती, हे त्यामागचे एक कारण मानावयास हरकत नाही. आज चित्र पालटले आहे. बॅक्लोफेन आणि टिझानिडीन या गोळ्या गल्लीतल्या औषधाच्या दुकानातही मिळतात, त्या स्वस्त आहेत, आणि त्या लिहून देण्यास मेंदूशल्यविशारद असावे लागत नाही. याच सुलभतेमुळे सावधगिरीचा प्रश्न निकडीचा होतो. या औषधांचा धोका एकट्या गोळीत फारसा नसतो. तो रुग्णाच्या मूत्रपिंडात, दुसऱ्या डॉक्टरने लिहिलेल्या चिठ्ठीत आणि गोळ्या संपण्याच्या दिवसात असतो.

औषध लिहिण्यापूर्वीचा पहिला प्रश्न असा की, ही ताठरता घालवावयाची आहे काय? प्रश्न विचित्र वाटेल. परंतु ज्याच्या मांडीच्या स्नायूंत स्वतःचे बळ उरलेले नाही असा रुग्ण अनेकदा ताठरतेच्याच आधारावर उभा असतो. कडक झालेला गुडघा त्याला कुबडीसारखा उपयोगी पडतो. खाटेवरून चाकाच्या खुर्चीत सरकताना पायाचा तो कडकपणाच त्याला तोलून धरतो. अशा रुग्णाला भरपूर बॅक्लोफेन दिले, तर पाय मऊ होतात आणि माणूस खाली बसतो. तपासणीच्या टेबलावर डॉक्टरला समाधान वाटते, घरी मात्र काल उभा राहणारा मनुष्य आज उभा राहू शकत नाही. म्हणून उपचाराचे उद्दिष्ट स्नायू सैल करणे एवढेच असू नये. मूठ उघडून तळहात धुता यावा, मांड्या दूर होऊन कपडे बदलता यावेत, रात्रीच्या आचक्यांनी झोप मोडू नये, बसण्याची बैठक नीट व्हावी, असे काही ठरावीक व मोजता येईल असे साध्य रुग्णाशी व घरच्यांशी बोलून आधी ठरवावे लागते. ताठरता एखाद्याच स्नायुगटात असेल, तर सर्व शरीराला गुंगी आणणाऱ्या गोळीपेक्षा त्या स्नायूत बोटुलिनम विषाचे इंजेक्शन देणे अधिक श्रेयस्कर ठरते. खर्चाची बाब मात्र वेगळी.

दुसरा प्रश्न, ताठरता आजच का वाढली, हा. मेरुरज्जूच्या रुग्णाला पायातली वेदना जाणवत नाही, पण त्याचे स्नायू ती ओळखतात. मूत्राशयातील जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठ, पाठीखाली सुरू झालेला शय्याव्रण, मांसात रुतलेले नख, तंग बसणारा पट्टा, न कळलेले अस्थिभंग, शिरेत गोठलेले रक्त, यांपैकी काहीही आचके वाढवू शकते. अशा वेळी शिथिलकाची मात्रा वाढविणे म्हणजे धोक्याची घंटा वाजू नये म्हणून तिची दोरी कापणे होय. आधी लघवी तपासावी, पाठ उलटून पाहावी, पायाची बोटे पाहावीत. गोळीचा विचार त्यानंतर.

बॅक्लोफेनचा इतिहास थोडा मनोरंजक आहे. बाझेल येथील सिबा कंपनीत हाइन्रिख केबेर्ले यांनी १९६२ साली ते तयार केले, ते अपस्माराच्या उपचारासाठी. मेंदूत नैसर्गिकपणे असणाऱ्या गाबा या शामक द्रव्यात थोडा बदल करून ते बनविलेले होते. अपस्मारावर त्याने निराशा केली, परंतु ताठर स्नायू त्याने सैल होतात असे आढळून आले. मेरुरज्जूतील गाबाच्या ‘ब’ प्रकारच्या ग्राहकांवर ते काम करते आणि अतिउत्तेजित प्रतिक्षेपांना आवर घालते. प्रौढांत साधारणतः ५ मिलिग्रॅम दिवसातून तीन वेळा असा प्रारंभ करतात आणि दर तीन दिवसांनी थोडे थोडे वाढवीत नेतात. दिवसाला ८० मिलिग्रॅमपलीकडे सहसा जात नाहीत. वृद्धांत आणि कृश रुग्णांत याहूनही कमी मात्रेने व मंद गतीने जावे. गुंगी, चक्कर, मळमळ आणि अशक्तपणा हे प्रारंभीचे दोष बहुधा मात्रा घाईने वाढविल्याचे असतात. अपस्माराचा रुग्ण असल्यास झटके वाढू शकतात, हेही लक्षात ठेवावयास हवे. मद्य, झोपेच्या गोळ्या आणि अफूजन्य वेदनाशामके यांच्या जोडीने गुंगी कित्येक पटींनी वाढते व श्वास मंदावण्यापर्यंत मजल जाते.

खरी मेख मूत्रपिंडात आहे. या औषधाचा सुमारे ७० ते ८० टक्के भाग जसाच्या तसा लघवीवाटे बाहेर पडतो. मूत्रपिंड मंद झाले की औषध साचत जाते आणि नेहमीच्याच मात्रेवर रुग्ण गोंधळलेला, निपचित, क्वचित बेशुद्ध होतो. कॅनडातील ऑन्टेरिओ प्रांतात मूत्रपिंडाचा जुनाट विकार असलेल्या १५,९४२ वृद्धांच्या नोंदी तपासून २०१९ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास या बाबतीत बोलका आहे. ज्यांना दिवसाला २० मिलिग्रॅम किंवा अधिक बॅक्लोफेन सुरू केले, त्यांपैकी १.११ टक्के रुग्ण महिन्याभरात मेंदूच्या गोंधळाने रुग्णालयात दाखल झाले. त्याहून कमी मात्रा घेणाऱ्यांत हे प्रमाण ०.४२ टक्के होते. आकडा लहान दिसतो, पण २० मिलिग्रॅम ही काही मोठी मात्रा नव्हे. म्हणून पहिली गोळी देण्यापूर्वी रक्तातील क्रिएटिनिन पाहणे, आणि त्यावरून वय व वजन धरून मूत्रपिंडाची क्षमता काढणे अगत्याचे. केवळ क्रिएटिनिनचा आकडा पाहून चालत नाही, कारण वर्षानुवर्षे अंथरुणावर असलेल्याचे मांस झडलेले असते, त्याचा आकडा मूत्रपिंड बिघडले असतानाही निर्दोष दिसतो. डायलिसिसवर असलेल्यांना हे औषध टाळलेलेच बरे. येथे एक आडवाट सांगितली पाहिजे. मूत्रपिंडाच्या रुग्णांना न थांबणारी उचकी लागते आणि उचकीवर बॅक्लोफेन देण्याची प्रथा आहे. ताठरतेशी काडीचाही संबंध नसलेला रुग्ण अशा तऱ्हेने एक-दोन दिवसांत बेशुद्धावस्थेत जातो आणि घरच्यांना पक्षाघात झाला असे वाटते. डायलिसिसने औषध निघून गेल्यावर तोच रुग्ण शुद्धीवर येतो.

चेन्नईचे हवामान या संदर्भात विसरता येत नाही. एप्रिल-मे महिन्यांच्या उकाड्यात पुरेसे पाणी न पिणारा वृद्ध, उलट्याजुलाब झालेला रुग्ण, पावसाळ्यानंतर लेप्टोस्पायरोसिसने मूत्रपिंड दुखावलेला मजूर, यांची मूत्रपिंडे काही दिवसांपुरती मंदावतात. महिन्यापूर्वी योग्य ठरविलेली मात्रा त्या आठवड्यात अयोग्य होते. त्यात गुडघेदुखीसाठी एखादे वेदनाशामक सुरू झाले असेल, तर ते मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आणखी कमी करते. तेव्हा तपासणी एकदाच करून भागत नाही. आजारपण, जुलाब किंवा नवे औषध यांपैकी काही घडले की ती पुन्हा करावी लागते.

याहूनही गंभीर धोका औषध एकाएकी थांबण्याचा. महिनोन् महिने बॅक्लोफेन घेणाऱ्याच्या मज्जासंस्थेने त्याच्याशी जुळवून घेतलेले असते. आधार एकदम काढला की ताठरता पूर्वीपेक्षाही जोराने परतते. भ्रम होतात, नसलेल्या वस्तू दिसतात, झटके येतात, ताप चढतो, आणि अतितीव्र अवस्थेत स्नायूंचे तंतू फुटून मूत्रपिंडे बंद पडतात. हा प्रकार जीवघेणा होऊ शकतो. त्याची लक्षणे जंतुसंसर्गासारखी किंवा मे महिन्यातील उष्माघातासारखी दिसत असल्याने निदान चुकण्याचा संभव मोठा. ताप आलेला व आखडलेला रुग्ण पाहताच गोळ्या कधी संपल्या असा एक प्रश्न विचारला, तर पुष्कळ गोष्टी उलगडतात.

गोळ्या संपण्याची कारणे वैद्यकीय नसतात, व्यावहारिक असतात. तमिळनाडूत शासकीय रुग्णालयांची औषधे १९९४ साली स्थापन झालेल्या तमिळनाडू वैद्यकीय सेवा महामंडळामार्फत खरेदी होऊन पुरविली जातात, आणि ती व्यवस्था देशात आदर्श म्हणून सांगितली जाते. तथापि औषध भांडारात असणे आणि रुग्णाच्या उशाशी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तिरुवण्णामलै किंवा विळुप्पुरम भागातून राजीव गांधी शासकीय सामान्य रुग्णालयात किंवा के. के. नगरच्या शासकीय पुनर्वसन वैद्यक संस्थेत येणाऱ्या पांगळ्या माणसाला बरोबर एक माणूस, त्या माणसाची बुडालेली मजुरी आणि गाडीभाडे यांचा हिशेब करावा लागतो. एखादी तारीख चुकली की गोळ्यांत खंड पडतो. १ डिसेंबर २०१५ च्या अतिवृष्टीनंतर कोट्टूरपुरम, सैदापेट यांसारखे चेन्नईचे भाग पाण्याखाली गेले, आणि मार्च २०२० मध्ये देशभरच्या बसगाड्या-रेल्वेगाड्या थांबल्या. अशा दिवसांत मधुमेहाच्या रुग्णाची आठवण सर्वांना होते. शिथिलकावर असलेल्याची होत नाही. त्यामुळे गोळ्या लिहितानाच भेटीच्या तारखेच्या पुढे निदान दोन आठवडे पुरेल इतका जास्तीचा साठा द्यावा, आणि ती जास्तीची पुडी वेगळी बांधून ठेवण्यास घरच्यांना सांगावे. अर्थात घरात लहान मूल किंवा निराशेने ग्रासलेला रुग्ण असेल, तर हाच साठा घातक होतो. जास्त मात्रेने खोल बेशुद्धी येते व श्वास थांबतो. तेथे पुडी रुग्णाजवळ न ठेवता शेजारी किंवा गावच्या परिचारिकेकडे सोपविणे इष्ट.

रुग्णालयाच्या आतही हा खंड पडतो, हे विशेष. शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाला उपाशी ठेवतात, तेव्हा सर्व गोळ्या थांबतात आणि त्यांत बॅक्लोफेनही थांबते. शिरेतून देता येईल असे त्याचे रूप सहसा हाताशी नसते. नाकातून घातलेल्या नळीवाटे गोळी विरघळवून देणे, ते शक्य नसल्यास तात्पुरते डायझेपॅमसारखे औषध देणे, हे भूलतज्ज्ञाने आधीच ठरवून ठेवावे लागते. ज्यांच्या पोटाच्या त्वचेखाली पंप बसवून औषध थेट मेरुरज्जूच्या द्रवात सोडले जाते (शिकागोच्या रिचर्ड पेन व जेफ्री क्रोइन यांनी १९८४ साली ही रीत प्रथम मांडली) त्यांची गोष्ट अधिकच नाजूक. तेथे मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते. नळी तुटली, बॅटरी संपली किंवा पंप भरण्याची तारीख टळली, तर काही तासांतच तीव्र लक्षणे सुरू होतात आणि तोंडावाटे घेतलेल्या गोळ्या ती पुरती आवरू शकत नाहीत.

टिझानिडीनची जात निराळी. ते रक्तदाबावरील क्लोनिडीन या औषधाचे नातलग आहे आणि नातलगाचा गुण त्यात उतरलेला आहे. रक्तदाब खाली येतो. तोंड कोरडे पडणे व झोप येणे हे नेहमीचे. २ मिलिग्रॅमने, शक्यतो रात्री, प्रारंभ करावा आणि दिवसाला ३६ मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा मानावी. गोळी घेतल्यावर तास-दोन तासांत परिणाम शिखरावर असतो. त्या वेळी खाटेवरून एकदम उठणारा वृद्ध कोसळतो आणि मांडीचे हाड मोडून घेतो. सुमारे पाच टक्के रुग्णांत यकृताची एन्झाइमे वाढतात, म्हणून यकृताची तपासणी आधी आणि मग पहिल्या काही महिन्यांत पुन्हा करावी. हेही औषध, विशेषतः मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेतलेले, एकाएकी सोडले तर रक्तदाब उसळतो.

पण टिझानिडीनच्या बाबतीत सर्वांत फसवा प्रसंग दुसरा आहे. मेरुरज्जूला इजा झालेल्या रुग्णाच्या मूत्राशयात जंतुसंसर्ग होतो, आचके वाढतात. एक डॉक्टर आचक्यांसाठी टिझानिडीन वाढवितो. दुसरा संसर्गासाठी सिप्रोफ्लॉक्सासिन लिहितो. दोन्ही चिठ्ठ्या स्वतंत्रपणे पाहिल्या तर सयुक्तिक. पण टिझानिडीनचा निचरा यकृतातील ज्या एन्झाइमामार्फत होतो, ते एन्झाइम सिप्रोफ्लॉक्सासिन अडविते, आणि शरीराला पोहोचणारे टिझानिडीन दसपट होते. नैराश्यावरील फ्लुव्हॉक्सामीनमुळे तर ते तेहतीसपट वाढते. रक्तदाब घसरतो, रुग्ण गाढ गुंगीत जातो. या दोहोंपैकी कोणतेही औषध टिझानिडीनसोबत देणे निषिद्धच आहे. आणखी एक भारतीय गुंतागुंत अशी की, कंबरदुखीसाठी विकल्या जाणाऱ्या कित्येक जोडगोळ्यांत वेदनाशामकाबरोबर टिझानिडीन आधीच मिसळलेले असते. कंबर धरली म्हणून दुकानातून आणलेल्या गोळीत आपले नेहमीचेच औषध आहे याची रुग्णाला कल्पना नसते, कारण वेष्टनावर ठळक असते ते व्यापारी नाव. त्याच जोडगोळीतील वेदनाशामक, वर सांगितल्याप्रमाणे, बॅक्लोफेन घेणाऱ्याच्या मूत्रपिंडाला बाधते. एका गोळीत दोन्ही अपाय.

डँट्रोलिनचे कार्य थेट स्नायूत चालते, मेंदूला ते फारसे गुंगवीत नाही. पण यकृताला गंभीर इजा करू शकत असल्याने ते क्वचितच वापरावे. टॉल्पेरिसोन भारतात सर्रास लिहिले जाते. युरोपीय औषधसंस्थेने २०१२ साली तीव्र ॲलर्जीच्या प्रतिक्रिया ध्यानात घेऊन त्याचा वापर प्रौढांतील पक्षाघातोत्तर ताठरतेपुरता मर्यादित केला, ही गोष्ट कंबरदुखीला ते देणाऱ्यांनी ध्यानात घ्यावी.

डायझेपॅम हे यांतले सर्वांत जुने, १९६३ पासूनचे. सवय लागणे, दिवसा झापड येणे, स्मरण मंदावणे हे त्याचे दोष सर्वश्रुत आहेत. तरीही ते सरसकट टाकाऊ ठरविणे योग्य नाही. चेन्नईपासून सुमारे १४० किलोमीटरवरील वेल्लूरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात सेरेब्रल पाल्सीच्या मुलांवर झालेला आणि २००५ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास या दृष्टीने मोलाचा. निजताना एकच लहान मात्रा दिल्याने मुलांची ताठरता कमी झाली, हालचाली सुधारल्या, आणि आयांची कामे सोपी झाली. स्वस्त औषध, दिवसातून एकदाच. येथेही काळजी हवी ती गिळण्याची. अशा मुलांपैकी अनेकांना लाळ आवरत नाही; शिथिलकाने लाळ वाढते, घास श्वासनलिकेत जातो, आणि वारंवार होणाऱ्या न्यूमोनियाचे मूळ औषधाच्या बाटलीत असते. मुलाचे जेवण कसे चालते हे बघणाऱ्याची साक्ष म्हणून महत्त्वाची. मद्रासेत १९८५ साली पूनम नटराजन यांनी सुरू केलेल्या, आज विद्यासागर नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेसारख्या ठिकाणी मूल दिवसभर बसते, खाते, शिकते. तेथील शिक्षिकेला किंवा उपचारिकेला मूल सुस्तावल्याचे जे दिसते, ते बाह्यरुग्ण विभागातील पाच मिनिटांत डॉक्टरला दिसणे कठीण. औषध बदलल्याची चिठ्ठी शाळेत जाणे आणि शाळेचे निरीक्षण डॉक्टरकडे येणे ही कार्यपद्धती व्हावयास हवी.

घरी रक्तदाब मोजण्याची सोयही आता काही प्रमाणात झाली आहे. तमिळनाडू शासनाने ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू केलेल्या ‘मक्कळै तेडि मरुत्तुवम्’ या योजनेत आरोग्यसेविका घरोघर जाऊन रक्तदाब-मधुमेहाची औषधे देतात आणि अंथरुणाला खिळलेल्यांना व्यायामोपचारही पुरविला जातो. टिझानिडीनवरील रुग्णाचा बसलेला व उभा असा दोन्ही वेळचा रक्तदाब तिने नोंदविला, तर अनेक अपघात टळतील.

राहिला प्रश्न सूचनांच्या भाषेचा. चिठ्ठी इंग्रजीत असते, तोंडी सूचना तमिळमध्ये दिल्या जातात. चेन्नईत तंजावरकडील मराठी घराणी पिढ्यान् पिढ्या आहेत; त्यांना तमिळ मातृभाषेइतकीच येते, त्यांची अडचण नाही. अडचण होते ती उपचारासाठी महाराष्ट्रातून किंवा ईशान्येकडून आलेल्यांची. ‘थांबवू नका’ आणि ‘वाढवू नका’ या दोनच गोष्टी रुग्णाच्या भाषेत, औषधाच्या मूळ नावासह, एका कार्डावर लिहून दिलेल्या असाव्यात. गोळी बंद करावयाचीच झाली तर कोणत्या दिवशी किती कमी करावी याचे कोष्टकही त्याच कार्डाच्या मागे असावे : बॅक्लोफेनसाठी ही उतरंड निदान एक ते दोन आठवड्यांची, दीर्घकाळ घेतलेले असल्यास त्याहूनही लांब, आणि वाटेत आचके किंवा भ्रम सुरू झाले तर मागच्या पायरीवर परत जावयाचे, पुढे नव्हे.